एकही खरी निकड अडलेली नाही

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी इंग्लंडमध्ये आमच्या भागाच्या खासदारांची पत्रं टाइप करायचे. आठवड्यातून तीन दिवस, बुधवार ते शुक्रवार. मुलीला शाळेत सोडून जायचं आणि शाळा सुटायच्या आत परतायचं. शुक्रवारी मात्र संध्याकाळी सातपर्यंत थांबावं लागे, कारण त्या दिवशी खासदार स्वतः येऊन लोकांना भेटत. या भेटीगाठींना इथे ‘सर्जरी’ म्हणतात. आमचे हे हॉस्पिटलात डॉक्टर. त्यामुळे आता घरात दोन सर्जऱ्या झाल्या, असं ते पहिल्या आठवड्यात म्हणाले, आणि माझी नोकरी सुटेपर्यंत म्हणत राहिले.

ऑफिस वॉटफर्डच्या पुढे दोन स्टेशनांवर, हाय स्ट्रीटला, चपलांच्या दुकानाच्या वर होतं. माझं टायपिंग मुंबईतल्या क्लासमधलं. वेग चांगला आणि स्पेलिंग त्याहून चांगलं. स्पेलिंगमुळेच मला ही नोकरी मिळाली. खासदार कुठल्या पक्षाचे होते ते सांगत नाही. मी त्यांना मत दिलं नव्हतं आणि त्यांनी मला कधी विचारलं नाही. उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. मतदारांची नावं विसरायचे, पण त्यांच्या कुत्र्यांची कधीच नाही. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांची थट्टा होणार आहे आणि ती वाजवीपेक्षा जास्त वाटायला नको.

ऑफिसची खरी सूत्रं मॅनेजरबाईंच्या हातात होती. खासदार येतात आणि जातात, आपण इथेच आहोत, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळे. आलेल्या प्रत्येक पत्राचं काय करायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. टेबलावर तीन ट्रे: लाल, पिवळा आणि हिरवा. लाल म्हणजे आजच्या आज. पिवळा म्हणजे जमेल तसं. हिरवा म्हणजे आभार मानून विसरून जायचं. खासदार शुक्रवारी आले की फक्त लाल ट्रे उचलायचे. पिवळ्यातलं त्यांच्या डोळ्यांखालून जाईलच असं नाही. कुठलं पत्र कुठल्या ट्रेमध्ये टाकायचं, हे काम माझं होतं.

त्या हिवाळ्यात सरकारी कारकुनांचा संप झाला. पासपोर्ट ऑफिसं बंद पडली. बेकारभत्त्याचं ऑफिस एक दिवस उघडं तर दोन दिवस बंद. आणखीही कसकसली खाती बंद होती, ज्यांची नावं मला ती बंद झाल्यावरच कळली. संपाचं मला फार अप्रूप नव्हतं. मुंबईत आम्ही संप पाहत लहानाचे मोठे झालो. पण इथला संप मोठा शिस्तीचा. हातात पाट्या घेतलेली माणसं फुटपाथवर थर्मासमधला चहा पीत उभी राहायची, आणि कोणाला जायला वाट हवी असेल तर सॉरी म्हणून बाजूला व्हायची.

अशा वेळी खासदाराने करायचं काय, हा प्रश्नच असतो. संप त्याचा नाही, सरकारही सगळं त्याचं नाही, आणि बंद दाराची किल्ली काही त्याच्याकडे नसते. आमच्या खासदारांनी निवेदनं काढायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात त्यांनी खेद व्यक्त केला. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजूंना समजूतदारपणाचं आवाहन केलं. मग मंत्र्यांच्या ऑफिसला फोन केला आणि फोन केल्याचं निवेदन काढलं. मंत्र्यांच्या ऑफिसकडून ‘विचार करतो’ असं उत्तर आलं, त्याचं स्वागत केलं. हे सगळं मीच टाइप करत होते. शेवटी शेवटी तर ते पहिलं वाक्य सांगायचे आणि बाकीचं मी करायचे. वाचणाऱ्याला फरक कळला नाही, आणि खरं सांगायचं तर लिहिणाऱ्यालाही नाही.

एका बुधवारी ते बंद पडलेल्या बेकारभत्त्याच्या ऑफिससमोर उभे राहिले. बरोबर स्थानिक पेपरचा फोटोग्राफर होता. मला फाइल धरायला नेलं होतं, म्हणजे फोटोत येणार नाही अशा ठिकाणी. दाराला कुलूप होतं आणि कुलूप आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी खासदारांनी दाराची मूठ ओढून पाहावी असं ठरलं. त्यांनी ओढली. फोटोग्राफर म्हणाला, चेहरा दिसत नाही. त्यांनी पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा आतून राखणदाराने दार उघडलं आणि काय हवंय असं विचारलं. खासदार ओशाळले, त्याच्याशी हस्तांदोलन केलं, त्याच्या कुत्र्याचं नाव विचारून घेतलं. पेपरात छापून आला तो दुसरा फोटो. दारासमोर एकटा उभा असलेला चिंताक्रांत लोकप्रतिनिधी. फोटो चांगला आला होता.

पासपोर्टचं मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. लंडनला वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एक खिडकी चालू ठेवली होती, ती फक्त तातडीच्या कारणांसाठी. जवळचं माणूस मरणाच्या दारात आहे, किंवा गेलंय, असा कागद हवा आणि त्याला खासदाराचं पत्र जोडलेलं हवं. तसं असेल तर त्याच दिवशी पासपोर्ट हातात मिळे. मॅनेजरबाईंनी मला बजावून ठेवलं होतं की कागदावर ‘अत्यवस्थ’ किंवा ‘मृत्यू’ असा शब्द दिसला तर लाल ट्रे, नाही दिसला तर पिवळा. आपल्या अंदाजाने काही करायचं नाही. नियम सोपा होता आणि मला आवडलाही होता. दहा वर्षं या देशात काढल्यावर लिहिलेलं तेच खरं धरायची सवय लागते. ती बरी असते, डोक्याला ताप कमी.

अशातच एका गुरुवारी मावशी आल्या.

मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. मुंबईच्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. साठच्या दशकात नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या. मूलबाळ नाही, नवरा वारलेला. आमचे हे काम करत त्या हॉस्पिटलात त्या चादरी-कपड्यांच्या खोलीत होत्या. एकदा मी ह्यांना भेटायला गेले असताना एका चादरीला उद्देशून त्या म्हणाल्या, ‘काय बाई हा डाग, जाता जात नाही.’ मी जागच्या जागी थबकले. त्या भागात तेव्हा आम्ही मराठी घरं मोजून चार. त्या दिवसापासून त्या माझ्या मावशी झाल्या. आता रिटायर होऊन आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकट्याच राहत होत्या. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि नीटस होतं. आम्ही वाक्यात तीन इंग्रजी शब्द घालायचो, त्या एक घालायच्या, आणि तोही अवघडून.

शुक्रवारच्या सर्जरीला त्यांना येता यायचं नाही. हिवाळ्यात इथे चारच्या आत सूर्य मावळतो आणि त्यांचा शब्बाथ सुरू होतो. मेणबत्त्या लावल्या की त्या शनिवार मावळेपर्यंत कुठलंही काम करत नसत. म्हणून त्या गुरुवारी माझ्याकडे आल्या. येताना डब्यात चायना ग्रासचा हलवा. आधी हलवा, मग माझ्या मुलीची चौकशी, मग मॅनेजरबाईंच्या गुडघ्याची चौकशी, आणि मग अगदी निघताना पर्समधून एक निळं एअरोग्राम काढलं.

पत्र त्यांच्या भाच्याचं होतं. मुंबईला त्यांची एक मोठी बहीण होती, त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे न्हाऊमाखू घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत सगळं या बहिणीनेच केलं. भाच्याने लिहिलं होतं: ‘आईची प्रकृती हल्ली जरा नरम असते. आपली फार आठवण काढते. सवड काढून एकदा येऊन जावे. काळजी नसावी.’

मावशींच्या पासपोर्टची मुदत उन्हाळ्यातच संपली होती. आता नवा मिळेपर्यंत त्यांना कुठे हलता येणार नव्हतं.

मी विचारलं, ‘मावशी, डॉक्टर काय म्हणतात? सीरियस आहे का?’

‘अगं, असं नको विचारूस. वय झालं तिचं. जरा नरम आहे, एवढंच.’

‘फोन केलात का तिकडे?’

‘केला ना. शेजाऱ्यांकडे केला, भाच्याला बोलावून घेतलं. म्हणाला, तशी बरी आहे, पण तुम्ही याच.’

‘मग मी हे अर्जंट म्हणून लिहू का?’

‘अर्जंट कशाला? तुमच्या त्या साहेबांना बिचाऱ्यांना काय कमी कामं आहेत? तुझ्या सवडीनं बघ. पासपोर्टचं तेवढं झालं असतं म्हणजे...’ आणि त्यांनी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

मी कार्डावर इंग्रजीत लिहिलं: बहीण वयस्कर, तब्येत काहीशी नरम, भेटायला जाण्याची इच्छा. पत्राचं शब्दाला शब्द भाषांतर केलं, ते जोडलं आणि सगळं पिवळ्या ट्रेमध्ये ठेवलं. त्याच्या वर स्पेनला सुट्टीवर जायचं अडल्याबद्दल चिडलेल्या एका कुटुंबाचं पत्र आलं, आणि आणखी वर एका लग्नाचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खासदार आले. कोट काढता काढताच त्यांनी विचारलं, ‘लालमध्ये काही?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ ते खूश झाले. रविवारी त्यांना स्थानिक रेडिओवर बोलायचं होतं आणि पेपरलाही मजकूर हवा होता. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी सांगितलं, ‘माझ्या माहितीप्रमाणे माझ्या मतदारसंघात या बंदमुळे एकही खरी निकड अडलेली नाही.’ मी टाइप केलं. मॅनेजरबाईंनी वाचलं आणि पेन्सिलीने ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द खोडले. म्हणाल्या, त्यामुळे वाक्य पोकळ वाटतं. खासदारांनी मान हलवली आणि मी नवा कागद घातला. वाक्य खरंच जास्त चांगलं झालं.

आमचा पेपर साप्ताहिक होता. पुढच्या गुरुवारी तो आला आणि अकराच्या सुमाराला मावशीही आल्या. पर्समधला जुना पासपोर्ट काढला आणि त्यात घडी घालून ठेवलेलं कात्रण माझ्यापुढे ठेवलं. पुस्तकात खुणेचा कागद घालावा तसं ते ठेवलेलं होतं, कडेने व्यवस्थित कापून.

‘हे वाचलं मी,’ त्या म्हणाल्या. ‘तुझे साहेब लिहितात की खरी निकड असली तर अडत नाही. म्हणजे ज्यांचं खरंच अडलंय त्यांचं काम ते करतायत. मग आपलं राहू दे गं. संप मिटला की बघू. मी आपली उगाच तुझ्या मागे लागले.’

त्यांच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. सरकारी माणसाने छापील अक्षरात सांगितलंय म्हणजे तसंच असणार, असा त्यांचा सरळ विश्वास होता. कात्रण पासपोर्टमध्ये परत ठेवताना त्यांनी त्यातली मुदतीची तारीख पुन्हा एकदा पाहिली, जणू ती बदलली असेल.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि माझी मलाच लाज वाटली. माझे वडील गेले तेव्हा मी नुकतीच इकडे आले होते. भावाचं पत्र आलं होतं: ‘बाबांची प्रकृती जरा नरम आहे. काळजी नसावी.’ ते माझ्या हातात पडलं तेव्हा बाबांना जाऊन चार दिवस झाले होते, आणि लिहिताना भावाला डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं होतं. आपल्याकडे असंच लिहितात. परमुलखातल्या माणसाला घाबरवायचं नाही, आणि जिवंत माणसाविषयी वेडंवाकडं लिहायचं नाही. कागदावर उमटलं की ते खरं होईल, अशी एक धास्ती सगळ्यांच्याच मनात असते; शिकल्यासवरलेल्यांच्याही. ज्याला पत्र जातं तो ते ओळखतो आणि रडत बॅग भरायला घेतो. मॅनेजरबाईंना हे कळणं शक्य नव्हतं. खासदारांना तर नाहीच. त्या अख्ख्या इमारतीत ते पत्र वाचता येणारी मी एकटी होते, आणि मी ते इंग्रज बाईसारखं वाचलं होतं.

‘मावशी, बसा,’ मी म्हटलं. ‘आपण नवीन पत्र करू. बहीण फार सीरियस आहे, असं मी लिहिते. मग लगेच मिळेल.’

त्यांनी तळहात पुढे केला, गाडी थांबवावी तसा. ‘नको. जिवंत माणसाबद्दल असं लिहितात का? तू लिहिणार, साहेब सही करणार, त्याच्यावर सरकारचा शिक्का बसणार. माझ्या बहिणीच्या नावानं? मी इथेच राहीन, पण असं काही लिहू नकोस. शपथ आहे तुला.’

‘बरं,’ मी म्हटलं.

त्या जिना उतरून गेल्या आणि मी मशीनमध्ये कागद घातला. भाषांतर नव्याने केलं. ‘बहीण अत्यवस्थ असून जगण्याची आशा नाही. कुटुंबीयांनी ताबडतोब बोलावले आहे.’ पत्रात यातला एकही शब्द नव्हता, तरी मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात अचूक भाषांतर होतं असं मला अजून वाटतं. जुनं भाषांतर आणि कार्ड फाडून टाकलं. नवं कार्ड केलं आणि त्यावर त्या दिवशीची तारीख घातली. एक आठवडा जुनी नाही, त्याच दिवशीची. का घातली, हे मला चांगलं माहीत होतं.

शुक्रवारी खासदारांनी लाल ट्रे उचलला. वाचताना त्यांचा चेहरा पडला.

‘आठवडाभरापूर्वीच मी म्हटलं होतं की असं एकही प्रकरण नाही,’ ते म्हणाले. ‘हे कधी आलं?’

‘काल,’ मी म्हटलं.

‘काल,’ ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. खुर्चीवरही न बसता त्यांनी सही केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘बिचाऱ्या बाई. सोमवारी तुम्ही त्यांच्याबरोबर जा. त्यांना एकटं पाठवू नका.’ सोमवार माझ्या कामाचा दिवस नव्हता, पण मी गेले. तेव्हा त्यांच्याविषयी मला खरोखर आदर वाटला, आणि स्वतःविषयी फार वाईट वाटलं. ‘काल’ हे खोटं नव्हतं म्हणा. काल त्या आल्याच होत्या.

लंडनच्या खिडकीवर रांग होती, पण खासदाराचं पत्र पाहून आम्हाला पुढे घेतलं. साहेबांनी पत्र दिलंय, एवढंच सांगून मी मावशींना आणलं होतं. त्यांना बाकावर बसवून ठेवलं, कागद त्यांच्या हातात येऊ दिले नाहीत. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पत्र वाचलं, मान वर केली आणि बाकाकडे बघून सहानुभूतीने हसला. मावशीही त्याच्याकडे बघून हसल्या. मला म्हणाल्या, ‘बघ, चांगली माणसं आहेत. न सांगता करतात.’ दुपारपर्यंत पासपोर्ट मिळाला. भारताच्या व्हिसाची खिडकी दुसरीकडे होती आणि तिथे संप नव्हता, फक्त नेहमीचा उशीर होता. बुधवारी ह्यांनी मावशींना विमानतळावर सोडलं.

संप पुढे मिटला. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. निवेदन मात्र आठवतं, त्यात आम्ही स्वागत केलं होतं.

वसंतात स्थानिक निवडणुका आल्या आणि खासदारांना आपल्या उमेदवारांसाठी एक पत्रक हवं होतं, घरोघर टाकायला. बंदच्या काळात आपण काय काय केलं, याचा एक कॉलम त्यात घालायचं ठरलं. कुलूपबंद दाराचा फोटो होताच. खासदार म्हणाले, ‘ती बाई आठवते? नाव न घालता ते लिहू. त्यांची हरकत नसेल ना?’ मी म्हटलं, नसेल. मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: ‘मृत्युशय्येवर असलेल्या बहिणीला भेटायला निघालेल्या एका वृद्ध महिलेचे प्रकरण माझ्या कार्यालयात आले, त्यानंतर कामकाजाच्या दोन दिवसांत तिचा पासपोर्ट तिच्या हातात होता.’ माझं शिफ्ट-कीवरचं बोट जरा अडखळलं असेल, पण कागदावर तसं काही उमटलं नाही. त्यांच्या दृष्टीने त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यांना खोटं ठरवू शकेल अशी एकच व्यक्ती त्या ऑफिसात होती, आणि तिनेच तो मजकूर तपासून छापायला पाठवला.

पत्रकाच्या आठवड्यातच मावशी मुंबईहून परतल्या. येतील तेव्हा पत्रक त्यांच्या दारात पडलेलं असेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रविवारी दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं.

टेबलावर चहा होता, आणि बशीखाली ते पत्रक. त्यांनी आधी बहिणीचं सांगितलं. ‘मी पोचले तेव्हा खाटेवर बसलेली होती. पाठीला उशी लावून. मला बघून काय म्हणाली असेल? जाड झालीस, म्हणाली.’ मावशी हसल्या. ‘दोन दिवस नुसतं बोललो. लहानपणचं, आईचं. मला आईचा चेहरा आठवत नाही ना, तिला आठवायचा. तिसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच गेली. तीन दिवस मिळाले मला. भाचा म्हणाला, त्याच्या आधीच्या आठवड्यात याहून बरी होती, घरभर फिरायची, मावशी कधी येणार म्हणून दारापर्यंत जाऊन बघायची. अजून कितीतरी विचारायचं होतं तिला. आईविषयीच. ते आता कोणाला माहीत नाही.’

मी चहाकडे बघत बसले. सात दिवस तो कागद पिवळ्या ट्रेमध्ये होता. तीन आणि सात दहा, एवढा हिशेब कोणालाही येतो. मी तो अजून करते.

मावशींनी बशी उचलून पत्रक काढलं. कॉलमवर बोट ठेवलं. ‘हे मीच ना?’

‘हो.’

‘तू लिहिलं होतंस तर. मी नको म्हटलं तरी.’

‘हो, मावशी.’

त्यांनी बशी पुन्हा जागेवर ठेवली. ‘लिहायला नको होतंस,’ त्या म्हणाल्या. ‘आणि लिहिलं नसतंस तर मी पोचले नसते. दोन्ही खरं आहे. मला राग धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. जाऊ दे.’

मग त्यांनी चष्मा लावला आणि ते वाक्य पुन्हा एकदा हळूहळू, शब्दावर बोट फिरवत वाचलं. ‘कामकाजाच्या दोन दिवसांत, असं लिहिलंय,’ त्या म्हणाल्या. ‘मी तर त्याच्या आधीच्या गुरुवारी आले होते ना गं? हलवा आणला होता.’

मी कप उचलला आणि परत ठेवला. बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग पत्रकाची घडी घातली, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

‘संप होता ना तेव्हा,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून उशीर झाला असेल.’

मी हो म्हटलं.